पाठवणीचा दुसरा टेक

भाचीची पाठवणी दोनदा झाली, आणि दुसरी मी करायला लावली. त्याचा मला अजून संताप येतो. त्यातला निम्मा स्वतःवरचा आहे.

तिसगावच्या मंगल कार्यालयाबाहेर नवऱ्या मुलाची सजवलेली गाडी उभी होती. श्रीगोंद्याची मंडळी निघायची घाई करत होती. भाची आईच्या गळ्यात पडली आणि माझी बहीण, जी नवरा गेल्यावरही चारचौघांत रडली नव्हती, हुंदके देऊ लागली. रडत रडत लेकीच्या कानात काहीतरी सांगू लागली. मामा म्हणून मीही दोघींना कवटाळलं. माझा देह मोठा आणि रडण्याचा आवाज त्याहून मोठा.

तेवढ्यात मागून भाचीची मैत्रीण म्हणाली, "थांबा, थांबा. मामा, सगळी तुमची पाठच आलीय. रीलमध्ये नवरी दिसतच न्हाई."

दोघी दचकून सुटल्या. भाचीनं डोळे टिपले, मैत्रिणीच्या फोनमध्ये डोकावली आणि म्हणाली, "आई, परत एकदा करू. काजळ नीट करते, थांब."

या पोरांना झालंय तरी काय? ताट वाढलं की आधी फोनला दाखवायचं, देवळात गेलं की देवाकडे पाठ करून फोटो काढायचा, आणि आता आईचं रडणंसुद्धा गाण्याच्या मापानं कापायचं. हे मी तिथंच ठणकावून सांगायला हवं होतं. मी मात्र पाठ मध्ये आली म्हणून ओशाळलो आणि बहिणीला म्हणालो, "अगं, रड की एकदा. पोरीची हौस हाय."

"रडू म्हंजी काय नळ हाय व्हय, दादा?"

तरी ती उभी राहिली. मी पोट आत ओढून बाजूला सरकलो. कॅमेऱ्यात यायचं नव्हतं, पण आलोच तर बरं दिसावं म्हणून. भाची पुन्हा गळ्यात पडली. मध्येच तिला हसू फुटलं, ते तिनं आईच्या खांद्यात लपवलं. फोन दोघींच्या अगदी तोंडाशी होता. बहिणीनं ओठ घट्ट मिटून घेतले.

"लई भारी आलं," मैत्रीण म्हणाली, आणि गाडी गेली.

खुर्च्या गोळा होत होत्या तेव्हा बहीण म्हणाली, "मी तिला एक सांगत हुते. अर्धंच राहिलं."

"मग फोन कर की. श्रीगोंद्याला पोचायच्या आत सांगून होईल."

"फोनवर सांगण्यासारखं असतं तर गळ्यात पडेपर्यंत थांबले असते का?"

"मला सांग, मी कळवतो."

"तुला न्हाई सांगायचं ते," ती म्हणाली आणि उरलेल्या अक्षता झाडायला लागली.

दुसऱ्या दिवशी रील आली. खाली कुणाकुणाचं 'रडवलंस गं' होतं. बहिणीचे मिटलेले ओठ जवळून, अगदी स्वच्छ आले होते. मी ती चार वेळा पाहिली, चारही वेळा चिडलो, आणि खाली बदाम टाकला.