फोटोच्या कोपऱ्यातला अंगठा

सुमनआत्या गेल्याचे मला कुणी फोन करून कळवले नाही. ती बातमी कुटुंबाच्या ग्रुपवर आली. वर सुप्रभाताचे गुलाब, खाली कुणाची तरी नवी स्कूटर. मी पुण्यातल्या प्रयोगशाळेत होते. हातमोजे काढून संदेश उघडेपर्यंत त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती... चालता चालता, बहुधा दुसरेच काही पाहत असताना, एका बोटाने उमटवलेले हात. तासाभराने चुलतभाऊ महेशदादाने विचारले, "आत्याचा एखादा बरा फोटो कुणाकडं हाय का? बॅनरला पायजे." आणि कधीही गप्प न बसणारा तो ग्रुप गप्प झाला. आमच्या घरातली माणसे जेवणाच्या ताटाचेही चार बाजूंनी फोटो काढतात. माझ्या फोनमध्येच काही हजार फोटो आहेत. आत्याचा त्यांत एकही नव्हता. शेवटी आधारकार्डावरचा चेहरा ताणून मोठा केला गेला. चौकातल्या बॅनरवर जी बाई होती, तिला आत्याने स्वतःही ओळखले नसते.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा गेला आणि ती झरीला माहेरी परतली, ती कायमची. शेत वडिलांच्या नावावर होते; चालवत ती होती. शाळा चौथीपर्यंत, प्रश्न मात्र माझ्या मार्गदर्शकांपेक्षा नेमके. वेळ अमावस्येच्या आदल्या दिवशी ती ताकात ज्वारीचे पीठ कालवून आंबील लावत असे. ती जिवाणूंमुळे आंबते, हे मी बारावीत असताना तिला मोठ्या रुबाबात समजावले. ती म्हणाली, "म्हंजी हंडीत बी जित्राब हाय म्हण की. मंग त्याला ऊब लागंल," आणि हंडीभोवती घोंगडी गुंडाळून मोकळी झाली. मला पुढे दोन तास शिकवले गेलेले तिने एका घोंगडीत आटोपले होते. मी संशोधनाकडे वळले, तेव्हा "कशाला?" असे न विचारणारी घरात ती एकटी.

वेळ अमावस्या, गावच्या बोलीत येळवस, हा आमच्या घराचा वर्षातला सर्वांत मोठा मेळावा. रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, उभारायची, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडून पुजायचे, आणि मग मिश्र भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील घेऊन सगळ्यांनी मातीवर पंगत धरायची. आमची कोप कित्येक वर्षे पूर्वेकडच्या बाभळीखालीच असे. मागच्या वेळी ती हलली, कारण बाभळीखाली रेंज नव्हती. महेशदादाला बंगळूरच्या मेव्हण्याला व्हिडिओ कॉलवर पूजा दाखवायची होती. मेव्हण्याने तशी इच्छा व्यक्त केल्याचा पुरावा नाही. विहिरीच्या काठावर दोन काड्या रेंज सापडली आणि चार धडधाकट पुरुषांनी कोप उचलून तिकडे नेली. त्यांच्यामागे पासष्टीची आत्या, डोक्यावर आंबिलीची बिंदगी घेऊन, ढेकळांतून वाट काढत आली. बिंदगीचे ते मातीचे मडके खाली ठेवून ती म्हणाली, "पांडव आता टावर बघून बसतेत व्हय रे?" सगळे हसले. महेशदादा म्हणाला, "आत्या, परत म्हण की. रेकॉर्डिंग चालू नव्हतं." तिने परत म्हटले नाही.

मला दोष दिसला की मी नियम करते. एक बिंदगी रिकामी होती. तीत सगळ्यांचे फोन ठेवायचे, तोंडाला फडके बांधायचे, पंगत उठेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असे मी जाहीर केले. यंत्र वाईट नसते, त्याला वेळ नेमून द्यावी लागते, असे छोटे भाषणही केले. मंडळींनी फोन असे टाकले, जणू दागिने काढून देत होते. फडक्याची गाठ आत्याने मारली. तिला पंगतीत बसलेले मी जन्मात पाहिले नव्हते. ती कायम वाढणारी. त्या दिवशी ती गाठ मारून म्हणाली, "तुमी येवढं पाळणार असाल तर मीबी बसते. वाढा मला कुनीतरी."

मी वाढले. माझ्या आणि वडिलांच्या मध्ये ती मांडी घालून बसली, पदर सारखा केला, आंबिलीचा घोट घेतला. मग मला म्हणाली, "मी म्हागारी आले का न्हाई माय, त्या सालची येळवस... ह्याच रानात, बाभळीखाली..." आणि बिंदगी घुमली. मडक्याच्या पोकळीत फोनचे कंपन कितीतरी मोठे होते, हे मला ठाऊक असायला हवे होते. मी शिष्यवृत्तीच्या निकालाची वाट पाहत होते. आवाज माझ्याच फोनचा असेल, अशी खात्री मला कोणत्या आधारावर वाटली, हे आजही सांगता येणार नाही. आत्याने मारलेली गाठ मी सोडली. ती बुटांची जाहिरात होती.

पुढचे सांगण्यासारखे नाही, पण सांगते. नियम करणारीनेच तो मोडल्यावर बाकीच्यांचे हात मडक्यात शिरायला किती वेळ लागणार? महेशदादा म्हणाला, "आता निघालेच हाईत भायेर तर एक ग्रुप फोटो होऊ द्या. आत्या, ऊठ ना जरा, तुझा हात हलत न्हाई." दरवर्षी हेच कारण. आत्या उठली, हात पदराला पुसला, फोटो काढला आणि मग परत बसली नाही. भज्जी वाढायला लागली. त्या सालच्या येळवशीला बाभळीखाली काय झाले होते, ते मी तिला विचारले नाही. पुन्हा कधीतरी विचारू, असे वाटले... निकाल आला, मी पुण्याला गेले.

आमच्यात देह मातीत ठेवतात. आपल्याला बाभळीखालीच ठेवावे, असे तिने वडिलांना सांगून ठेवले होते. शेवटची माती लोटली गेली आणि पाच मिनिटांत बहुतेक मंडळी विहिरीकडे सरकली. मला वाटले, सावलीसाठी असेल. विहिरीवर सावली नाही. तिथे रेंज आहे, आणि श्रद्धांजलीचे स्टेटस लावायचे होते. बाभळीखाली वडील उरले होते आणि मी.

तिसऱ्या आठवड्यात मी तो शेवटचा ग्रुप फोटो पुन्हा उघडला. सगळे नीट हसत आहेत, मीही. माझ्या आणि वडिलांच्या मध्ये एका माणसाची जागा रिकामी आहे, तिच्यासमोर उष्टी पत्रावळ आणि अर्धा प्यालेला आंबिलीचा पेला. उजव्या खालच्या कोपऱ्यात पिवळट काहीतरी आडवे आले आहे. मोठे करून पाहिले. हळदीने माखलेला, नखाचा टवका उडालेला अंगठा. मग मी मागच्या वर्षांचे ग्रुप फोटो उघडले. तो प्रत्येकात होता.

तो फोटो मी छापून घेतला आणि झरीच्या घरात, जिथे आधारकार्डावरचा चेहरा लावला होता, तिथे टांगला. महेशदादाने फोनमधून मान वर करून पाहिले आणि म्हणाला, "ह्याच्यात आत्या कुठं हाय? अन् ते कोपऱ्यातलं तेवढं तरी कापून टाकायचं की."  फ्रेमवाल्याला मी आधीच बजावले होते, या फोटोची कड कापायची नाही.