बर्फाची जाडी शेवटी सांगेन

मी रोली सारिनेन. उत्तर मिनेसोटात, केटल तळ्याच्या काठावर माझं मासेमारीच्या सामानाचं दुकान आहे. गळ, दोरी, आमिषाचे जिवंत मासे, हातमोजे आणि कालची कॉफी. कालची असं बायको म्हणते. मी आजचीच म्हणून विकतो.

तळं गोठलं की रोज पहाटे मी गिरमिट घेऊन बर्फावर जातो, ठिकठिकाणी भोकं पाडतो आणि जाडी मोजतो. बर्फात भोक पाडून मासे धरणारे लोक मग दुकानात फोन करायचे. "रोली, किती?" मी सांगायचो, "काठाला पाच इंच, ओढ्याच्या तोंडाशी तीन." "बरं," म्हणून फोन बंद. इतका बोलका माणूस मी, आणि गाव मला भिंतीवरच्या थर्मामीटरसारखं वापरत होतं. ते मला लागायचं.

म्हणून गेल्या हिवाळ्यात मी पॉडकास्ट सुरू केला. कोटांच्या कपाटात शिरून बसायचं, दार लावायचं आणि बोलायचं. सुरुवातीला माझा साडू व्हर्न अकॉर्डियन वाजवायचा. त्याला थांबवणं अवघड जायचं, कारण कपाटात तो दाराच्या बाजूला बसायचा. मग माझ्या हातून निसटलेले मासे, मग माझं गुडघ्याचं ऑपरेशन, असं करत करत पाऊण तास. लोकांनी मध्येच उठून जाऊ नये म्हणून एक युक्तीही काढली होती. दर थोड्या वेळाने म्हणायचो, "जाऊ नका हं! बर्फाची जाडी शेवटी सांगेन."

"ही मधूनमधून धमकी कशाला देतोस?" मार्लिस, माझी बायको, म्हणाली.

"धमकी नाही गं. उत्सुकता ताणणं म्हणतात याला."

"मला तरी धमकीच वाटली."

ऐकणारे वाढले तसा मी फुगलो. रोज गुळगुळीत दाढी करायला लागलो, कपाटात बसून बोलण्यासाठी. चर्चच्या तळघरात कॉफी पिताना शेजारच्या आर्डिसला विचारलं, "कसा वाटतो आमचा कार्यक्रम?" ती कपात बघत म्हणाली, "वेगळा आहे." आमच्याकडे कुणी घराला जांभळा रंग दिला तरी लोक एवढंच म्हणतात. मी ते कौतुक समजून घरी आलो.

डिसेंबरात मध्येच दोन दिवस ऊन पडलं. ओढ्याच्या तोंडाशी बर्फ पार पातळ झाला. त्यानंतरच्या पहाटे मी हे कपाटात बसून नीट, ठासून सांगितलं. अर्थात शेवटी.

दुकान उघडून थोडा वेळ झाला असेल, तोच दार ढकलून आर्विड टॉलेफसन आत आला. पूर्वी आमच्या गावात टपाल वाटायचा, काटकुळा आणि अबोल. कमरेपर्यंत भिजला होता आणि ओढ्यापासून दुकानापर्यंत येता येता त्याची विजार गोठून पत्र्यासारखी वाजत होती.

"ओढ्याकडचा बर्फ पातळ झालाय," तो म्हणाला.

"अरे बाबा, सांगितलं होतं की मी! आज पहाटेच!"

"कधी?"

"शेवटी."

आर्विडने मान हलवली. "मी गाडीत बसून ऐकत होतो. तुझ्या गुडघ्यापर्यंत पोचलो होतो. मग उजाडलं. म्हटलं, मासे गळाला लागायची हीच वेळ. बंद केलं आणि गेलो."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो सांगत असा होता, जणू चूक त्याचीच.

मार्लिसने त्याला आतल्या खोलीत नेलं, माझी लोकरीची विजार दिली आणि शेगडीजवळ बसवून गरम सूप पाजलं. माझी विजार त्याला इतकी ढगळ झाली, की गळाची दोरी बांधून ती सावरावी लागली. मी ताजी कॉफी करून दिली.

बाहेर येऊन मार्लिस हळूच म्हणाली, "पाणी तिथे उथळ होतं म्हणून बरं. नाहीतर त्याच्या बायकोला काय सांगितलं असतंस? आधी गुडघ्याचं ऑपरेशन सांगायचं होतं म्हणून?"

मी तिच्या हातातलं सूपचं रिकामं भांडं घेतलं आणि धुवायला लागलो.

दुसऱ्या सकाळी कपाटात बसलो आणि तोंड उघडताच म्हणालो, "काठाला चार इंच. ओढ्याकडे कुणी फिरकू नका. गाड्या बर्फावर नेऊ नका. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी खुशाल जावं." मग व्हर्नला खूण केली आणि नेहमीसारखा पाऊण तास बोललो.

लोक खुशाल गेले. कोण कुठपर्यंत ऐकतं ते कॉम्प्युटरवर दिसतं. पहिल्या मिनिटानंतर रेघ थेट खाली. फक्त एक जण रोज अगदी शेवटपर्यंत थांबायचा. त्या एकाच्या जोरावर मी आठवडाभर तरंगत होतो. रसिक माणूस आहे, म्हटलं, शोधून काढून त्याला डबाभर आमिष फुकट द्यावं.

"अरे, ते मी लावून जाते," मार्लिस म्हणाली. "बाजारात गेले की कुत्र्याला एकटं वाटतं."

"मग? आवडतं त्याला?"

"झोपतो."

त्यानंतर मात्र कात्री चालवली. आता सगळा कार्यक्रम मिनिटभराचा. अकॉर्डियन काढल्यामुळे व्हर्नने नाताळच्या जेवणात माझ्याशी बोलणं टाकलं, आणि खरं सांगायचं तर जेवण निवांत झालं. ऐकणारे मात्र दुपटीने वाढले. पलीकडच्या काठावरचे लोकसुद्धा ऐकतात. बूट घालताना लावतात, नाड्या बांधून होईपर्यंत जाडी कळलेली असते. आर्विडही ऐकतो. परवा म्हणाला, "बरा आहे." माझ्याबद्दल म्हणाला की बर्फाबद्दल, ते मी विचारलं नाही.

राहिलेल्या गोष्टी मी दुकानात सांगतो. गिऱ्हाईक आमिषाला आलं की जाळं माशांच्या टाकीत सोडून मी अगदी सावकाश एकेक मासा वेचतो. डबा भरेपर्यंत बिचारं जाणार कुठे? चार दिवस हे छान चाललं. पाचव्या दिवशी, मी ऐन रंगात आलो असताना, मार्लिस मागून आली.

"दे इकडे ते जाळं," ती म्हणाली आणि एका झटक्यात डबा भरून तिने गिऱ्हाइकाच्या हातात दिला.