खटखट ऐकणारा

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या आसपास अंधेरीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्या मालवणी मेकॅनिकचं गॅरेज होतं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून तो डोळे मिटायचा आणि बिघाड अचूक सांगायचा.

गाडीने झटकन वेग घ्यावा म्हणून बाबांनी हट्टाने त्याच्याकडून इंजिनचं हेड घासून घेतलं. इंजिनमधला दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, वाढलं आणि गाडी चढावर खटखटू लागली.

"आपलं पेट्रोल एवढं कॉम्प्रेशन सोसत नाय, साहेब. सांगितलेलं ना?" म्हणत त्याने दाब उतरवायला हेडखाली जाड गॅसकेट बसवलं.

बाबा गाडीत बसून रेस देत होते. उघड्या बॉनेटआड त्याने स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला.

"बाय, तू ऐक गं. खटखट गेली काय? माका हल्ली नीट ऐकाक येणा नाय."

मला त्यातलं काय कळणार! मी म्हटलं, "गेली."

पुलाच्या चढावर गाडी पुन्हा खटखटली. बाबा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "त्याला सांगू नकोस हं. कानावरच जगतो तो."