अंगणापुरतं जर्मन

मी मास्तरांच्या पिण्याच्या पाण्याच्या हंड्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं पाण्याचं जर्मन नाव म्हणालो, "दास वासर!"

मास्तर म्हणाले, "शाब्बास."

म्हणजे तोंड म्हणालं. डोळे मागून पोचले. माझा हात अजून हंड्यावरच होता. शाब्बासकी मिळालेला हात कशाला काढायचा? महारवाड्यातला माणूस, बावीस वर्षांचा, मॅट्रिक पास, आणि अक्कल ही एवढी.

मास्तरीणबाई आतून आल्या. पदर हाताभोवती गुंडाळला आणि हंडा कलंडवला. पाणी अंगणातून वाहत माझ्या पायांपर्यंत आलं. मी पाय हलवले नाहीत. राग आला नाही. लाज वाटली नाही. पायाला गार लागलं, एवढंच.

आतल्या चौघा विद्यार्थ्यांपैकी एक ओरडला, "मास्तर, जर्मन भाषा बाटली!"

सगळे हसले. मीही हसलो. चारचौघं हसत असताना एकट्यानं गप्प राहणं बरं दिसत नाही.

हे नगरातलं. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. मी लष्करी डेपोत हमाल होतो. हरलेल्या जर्मनीतून जप्त केलेल्या यंत्रांची खोकी यायला लागली आणि खोक्यांवरची अक्षरं कुणाला लागेनात. बडे बाबू म्हणाले, जो कुणी जर्मन शिकेल आणि शिकवणाऱ्याची चिठ्ठी आणील, त्याला कारकुनाची जागा. खोकं पाठीवर घ्यायचं की खोक्यावरचं वाचायचं, माझ्यापुरता प्रश्न एवढाच होता.

जर्मन येणारे मास्तर माझ्या माहितीत हे एकच. आपण जातपात मानत नाही, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. म्हणून मला त्यांनी घेतलं. अंगणात.

पहिल्या दिवशी म्हणाले, "आपल्याकडे तो, ती, ते. त्यांच्याकडे देर, दी, दास. फरक इतकाच की ते नामाच्या आधी लागतं. पण आपलं लिंग त्यांच्या शब्दाला लावू नका. आपलं झाड ते, त्यांचं झाड तो. शब्द एकटा पाठ करायचा नाही. जोडीनंच करायचा."

मी विचारलं, "पर मास्तर, वळखायचं कसं?" घोडेगावच्या बाजारात जनावर वाकून बघितलं की नर का मादी ते कळतं. जर्मनाच्या टेबलाखाली वाकून काय दिसणार?

"ओळखायचं नाही. वस्तूला हात लावायचा आणि जोडी म्हणायची. हाताला आठवतं." ही त्यांची रीत.

चौघं घरभर फिरायचे. टेबल, दिवा, कपाट. हात लावायचे, म्हणायचे. मी अंगणात. देर श्टाइन, दगड. दी कू, गाय. देर हुंट, कुत्रा. त्याला हात लावला तेव्हा तो चावला, त्यामुळं तो पक्का पाठ झाला. सहा महिने असे गेले. त्या दिवशी आत सारवण काढलं होतं, म्हणून हंडा बाहेर ओट्यावर आणून ठेवलेला. माझा हिशोब सरळ होता. बाहेर आलं ते माझ्या पाठातलं.

मास्तर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "उद्यापासून हात पाठीमागं धरून उभा राहत जा. बघून म्हण. चिठ्ठी मी तुला देईन, काळजी करू नकोस."

"हाताला आठवतं म्हनला होता, मास्तर."

"ते यांच्यासाठी."

दुसऱ्या दिवशी गेलो. हो, गेलो. हात पाठीमागं धरून उभा राहिलो. मला अजूनही काही वाटत नव्हतं. चारपाच शब्द झाले आणि नाकावर माशी बसली. मी नाक हलवलं. भुवया हलवल्या. तोंडानं फुंकर मारून पाहिली. आतले चौघं पाठ सोडून माझ्याकडं बघायला लागले. मग एकानं विचारलं, "काय रे, हात बांधलेत का तुझे?"

बांधले नव्हते. दोरी नव्हती, काही नव्हतं. तरी माशी हाकलायला हात पुढं आला नाही.

सहा महिने देर, दी, दास घोकतोय, अजून गोंधळ. आणि हे मात्र एका दिवसात बसलं. आधीच्या कशानं काही वाटलं नव्हतं, पण याची मला भीती वाटली. उद्या डेपोत कारकुनाच्या खुर्चीत बसेन आणि हात पाठीमागंच राहतील.

मी हात पुढं घेतले. माशी हाकलली.

"मास्तर, मला चिठ्ठी नको."

"वेडा आहेस का? मग कारकून कसा होशील?"

"न्हाई हुनार."

तसाच बाहेर पडलो. रस्त्यात छाती भरून आली वगैरे काही नाही. भूक लागली होती.

घरी बायको भाकऱ्या थापत होती. तिला सगळं सांगितलं. जागा गेली, उद्यापासून पुन्हा खोकी. आणि ठरवलंय तेही सांगितलं. हात पाठीमागं धरून मिळणारी विद्या यापुढं घ्यायची नाही, उपाशी राहीन पण घेणार नाही. पुस्तक मिळवीन. एकटा वाचीन. आणि आपल्या वाड्यातल्या पोरापोरींना घरात बसवून, हरेक वस्तूला हात लावायला देऊन शिकवीन.

तिनं भाकरी उलटली. "चुलीला काय म्हंत्यात?"

"ठावं न्हाई."

"परातीला?"

"न्हाई."

"दिव्याला? हातरुनाला?"

मी नकारार्थी मान हलवली.

"म्हंजी घरातलं कायबी येत न्हाई तुमास्नी," ती म्हणाली. "आन निगालेत मास्तर व्हायला!"