उजवं चाक

"आधी चाक आत, मग तुम्ही कामाला," मालक म्हणाला.

तो वखारीच्या ओट्यावर उभा होता. पांढरं धोतर, कपाळावर गंध. बा खाली, मातीत. बानं मान हलवली. गाडीच्या आसाखाली दगड रचले, हातोडीनं चाक अडवणारी खीळ ठोकून काढली आणि उजवं चाक ओढून मोकळं केलं. गाडी एका अंगावर कलली. आतली भांडी घरंगळत कोपऱ्यात गेली, पाण्याचा हंडा आडवा झाला आणि पाणी फळ्यांमधून खाली गळायला लागलं. ओट्यावरच्या हमालांना त्या आवाजाचं हसू आलं. आई पोटुशी होती. ती गाडीमागे उभी राहून गळणारं पाणी बघत होती.

मग बानं ते चाक स्वतःच्या हातानं गडगडत वखारीच्या दारापर्यंत नेलं. दाराच्या आत जायला आम्हाला मनाई. एका हमालानं चाक आत ओढलं आणि भिंतीला टेकवलं. मालकानं कुलूप लावलं. बानं हात जोडले.

कशासाठी जोडले, ते मला तेव्हाही कळलं नाही.

ती गाडी म्हणजे आमचं घर होतं. मी तिच्यात जन्मले. वर तट्ट्याचं छत, खाली फळ्या, मागं भाता आणि ऐरण बांधलेली. आम्ही लोखंडाचं काम करत फिरणारी माणसं. सोलापूरकडून विजापूर, बळ्ळारी करत बंगळूरपर्यंत यायचो. बा विळे, कुऱ्हाडी घडवायचा, बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव बसवायचा. बा सांडशी धरायचा आणि आई घण घालायची. आमच्यात घण बाईच घालते. पण रस्त्यावर टायरच्या गाड्या आल्या, लॉऱ्या आल्या. टायरला धाव लागत नाही. बाचं काम आटत गेलं आणि आम्ही हंगामाला चिंचेच्या वखारीत जायला लागलो.

वखार बळ्ळारी रस्त्यावर होती, बंगळूर शहराच्या अलीकडे. संक्रांत झाली की चिंच यायची, उगादी, म्हणजे पाडवा, उलटली की काम संपायचं. बाहेरच्या छपरीत बसून मोगरीनं टरफल फोडायचं, शिरा ओढायच्या, चिंचोके काढायचे. पहिल्या दिवशी गंमत वाटते. मग नखांच्या कडा सोलवटतात, बोटांना भेगा पडतात आणि आंबट त्या भेगांत शिरतं. भाकरीचा घास उचलला तरी डोळ्यांत पाणी यायचं. आईनं मला करंजाचं तेल लावायला शिकवलं होतं. त्यानं आग कमी व्हायची नाही, फक्त वास बदलायचा.

मालक मराठी बोलायचा. त्याची माणसं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आली म्हणे. त्याला सगळे अण्णा म्हणायचे. बाला याचं मोठं कौतुक. आपल्या बोलीचा माणूस भेटला, असं तो वाटेत भेटेल त्याला सांगायचा. त्या आपल्या बोलीतच मालकानं बाला पहिल्या वर्षी समजावलं होतं की, फिरत्या लोकांचा भरोसा नाही, आज आहेत, उद्या नाहीत. हंगामाच्या मध्येच निघून गेला तर मी काय करू? म्हणून चाक. इतर बायका जवळच्या वस्तीतून यायच्या. त्यांची घरं जागच्या जागी होती. त्यांच्याकडून कुणी दार काढून घेतलं नाही.

कललेल्या घरात राहणं काय असतं, ते सांगते. झोपलं की माणूस उतरणीला घसरतं. बा आईवर, आई माझ्यावर, मी फळीवर. दिवा ठेवायला सपाट जागा नाही. हंडा अर्धाच भरायचा. बा दगड सारखे करायचा, पण बैल गाडीला अंग घासायचे आणि दगड पुन्हा सरकायचे. आईचं पोट वाढत होतं. तिला कुशीवर वळता यायचं नाही, म्हणून ती बसूनच झोपायची. मी एकदा बाला म्हटलं की, मालकाला सांगून दोन विटा तरी माग. बा म्हणाला, "कशाला उगाच नजरेत यायचं?"

हे आमचं जगणं. नजरेत यायचं नाही. नव्या गावात गेलं की आधी पोलीस चौकीवर जाऊन आम्ही आलोय म्हणून सांगायचं. विहिरीवर गेलं की लांब उभं राहायचं. सव्वीस जानेवारीला मालकानं वखारीवर झेंडा लावला आणि सगळ्यांना पेढे वाटले. वस्तीतल्या बायकांच्या हातावर ठेवले. आमच्या हातांवर वरून टाकले. माझा पेढा बोटांतून निसटून मातीत पडला. मी तो उचलला, फुंकला आणि खाल्ला. गोड होता. तेव्हा मला राग आला नाही, हेच मला आता सहन होत नाही.

तो दिवस उगादीच्या थोडा आधीचा. ऊन चढलं होतं. आई छपरीत मोगरी चालवत होती. मध्येच तिनं मोगरी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या लुगड्याखालची चिंच लाल झाली होती. दिवस भरायला अजून वेळ होता. शेजारच्या म्हाताऱ्या अक्कानं तिला आडवं केलं, पोटावर हात ठेवला आणि कानडीत म्हणाली की, हे माझ्या हातचं नाही, हिला इस्पितळात न्या, आत्ता न्या.

सरकारी इस्पितळ शहरात. बैल होते. गाडी होती. चाक नव्हतं.

बा ओट्याकडे पळाला. मीही मागे गेले. मालक नुकताच जेवून उठला होता, हात पुसत बाहेर आला. बानं सांगितलं. मी बाला तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं, शब्द एकमेकांवर पडत होते. चाक द्या, मालक. बायकोला पोचवतो, संध्याकाळी आणून देतो. पोरीला इथं ठेवून जातो. हो, माझा बाप म्हणाला तसं. चाकाच्या जागी मला ठेवून जायला तयार झाला तो.

मालकानं वखारीच्या कुलपाकडे बघितलं. मला वाटलं, देतो आता.

"चाक इथं नाही," तो म्हणाला. "माझ्या गाडीचं मोडलं होतं. तुझं लावून गाडी बेळ्ळंदूरला धाडली आहे, विटा आणायला. संध्याकाळी येईल. तवर स्वल्प धीर धर."

बा तिथंच उभा राहिला. तो रागावला नाही. मान हलवली त्यानं. सरी, मालक, म्हणजे बरं मालक, असं म्हणाला. आमचं घर दगडांवर कललेलं, माझी आई त्यात बसून झोपणारी, आणि आमचं चाक बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठून याच्या नव्या घराच्या विटा ओढत होतं. आणि बा म्हणाला, सरी.

ओट्याशेजारी मालकाची घोडागाडी उभी होती. घोडा जुंपलेला, गाडीवान विडी ओढत बसलेला. ती मागायचं बाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. मालकाच्याही मनात आलं नसेल. इतकं आम्हाला पढवलेलं होतं, आणि त्यालाही.

बानं गाडीचं जू सोडलं. वाकळेची टोकं जूला बांधून झोळी केली. आईला तिच्यात घातलं. जूचं पुढचं टोक बाच्या खांद्यावर, मागचं माझ्या. मी चौदा-पंधरा वर्षांची असेन. बैल दावणीला उभे राहून आमच्याकडे बघत होते.

रस्त्यावर डांबर तापलेलं. लॉऱ्या जवळून जायच्या, धुरळा उडायचा. मी सारखी लटपटत होते. झोळीतून आई म्हणत होती, "सावकाश, गं. खांदा बदल." स्वतःसाठी काही मागितलं नाही तिनं. दोन टांगे गेले. बानं हात केला. एकानं वाकळेचं रक्त बघितलं, गादी खराब होईल म्हणाला. दुसरा थांबलाच नाही. मग आई खांदा बदल म्हणायची थांबली. मला वाटलं, झोप लागली. ओझं एकदम जड झालं होतं. मी बाला हाक मारली. त्यानं मागे वळून बघितलं नाही, चालत राहिला. त्याला कळलं होतं. तरी तो चालतच राहिला, इस्पितळाचं फाटक येईपर्यंत.

आतल्या नर्सबाईनं आईच्या डोळ्यांवर हात फिरवला. कुठं राहता, असं बाला विचारलं. बा वाकळेच्या गाठी सोडायला लागला.

पोटातलं पोटातच राहिलं. दोघांना एकाच खड्ड्यात पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही छपरीत होतो. लोक विचारतात, कसे गेलात परत? कुठं जाणार? घर तिथं होतं, दगडांवर. चाक त्याच्या गाडीला होतं. आईच्या जागेवरची चिंच कुणीतरी पाण्यानं धुऊन उन्हात टाकली होती. ती नंतर गोण्यांत भरली गेली. मालक छपरीकडे आला, बासमोर उभा राहिला. "झालं ते झालं, बाबा," तो म्हणाला. "कामात मन घाल." त्याच्या आवाजात दया होती. मी खोटं सांगत नाही, खरंच होती.

उगादी झाली, हंगाम संपला. हमालानं चाक बाहेर आणलं. एक आरा तडकलेला, धाव ढिली झालेली, मधल्या तुंब्यात विटांचा लाल चिखल. बानं ते पुसलं. धाव तापवून पुन्हा बसवायची तर घण कोणीतरी घालायला हवा होता. बानं माझ्याकडे बघितलं. मी आईचा घण उचलला. पहिल्यांदाच. मालकाच्या अंगणात, त्यानं झिजवलेलं चाक आम्ही त्याच्या देखत नीट केलं. निघताना बा ओट्याजवळ गेला आणि पायरीवर डोकं ठेवलं. पुढच्या सालीही काम द्या, म्हणाला.

मला बाची लाज वाटली. मग स्वतःची वाटली. सगळ्यात शेवटी मालकाची चीड आली. चीड इतकी मागून का येते आमच्याकडे? लाज मात्र आधीच येऊन बसलेली असते.

वर्षभर मी घण घातला. गावोगाव. प्रत्येक घावाला मला ते दगडांवर कललेलं घर दिसायचं. पुन्हा संक्रांत आली आणि बानं बैलांची तोंडं बंगळूरकडे वळवली. मी नको म्हटलं. बा म्हणाला, दुसरं कोण काम देतंय? त्याचं चूक नव्हतं. कोणीच देत नव्हतं.

वाटेत देवनहळ्ळीला किल्ल्याच्या भिंतीखाली आम्ही मुक्काम केला. बा विळे विकायला बाजारात गेला. भट्टी पेटलेलीच होती. मी भाता चालवला. उजव्या चाकाची खीळ काढून भट्टीत घातली. लाल झाली तशी सांडशीनं आसाच्या भोकात बसवली. खाली दगडांवर ऐरण रचली होती. वरून घण घातला. खिळीचं खालचं टोक ऐरणीवर पसरलं, चपटं झालं. आता ती खीळ कापल्याशिवाय निघणार नव्हती. मग डावं चाक. घर मोडायला निघाल्यासारखं वाटत होतं मला. बाला काहीच सांगितलं नाही.

वखारीच्या ओट्यावर मालक उभा होता. त्यानं बोलायचीही गरज नव्हती. बानं दगड रचले, वाकला, खालून हातोडी घातली. खीळ हलली नाही. पुन्हा घातली. मग त्यानं खाली बोटांनी चाचपलं आणि तसाच वाकलेला राहिला. लोखंडाचा माणूस तो, त्याला बोटांना कळलं.

"काय झालं रे?" मालकानं विचारलं.

मी पुढे झाले.

"चाक निघणार नाही," मी म्हटलं. "मी ठोकून बंद केलंय."

मालक हसला आधी. मग हसायचा थांबला. चाक नाही तर काम नाही, असं तो बाला म्हणाला. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही. मी मात्र त्याच्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याचं तोंड नीट बघितलं. म्हातारं, साधं तोंड होतं. एवढ्याला आम्ही भ्यायलो होतो.

मला वाटलं, बा मारेल. त्यानं दगड एकेक करून बाजूला टाकले. बैलांच्या मानेवर जू ठेवलं. मग फक्त एवढंच विचारलं, "आता वंगण कसं घालायचं गं?"

खरं होतं त्याचं. चाक काढल्याशिवाय वंगण जात नाही. वंगणाविना आस खाल्ला जाणार, तुंबा झिजणार, एक दिवस घर रस्त्यात बसणार. ते मला घण उचलतानाच माहीत होतं.

"ओरडू दे चाक," मी म्हटलं.

आणि ते ओरडलं. त्या साली आम्ही चिंचोके भाजून खाल्ले, दोन बैलांपैकी एक गेला, बा शेवटपर्यंत माझ्याशी धड बोलला नाही. चाकाचा आवाज लांबून ऐकू यायचा, लोक कानांवर हात ठेवायचे, वैतागून घराबाहेर येऊन बघायचे. बघू देत. नजरेत यायचं नाही, हे तिथं संपलं.

गाडी पुढं मोडली. बासुद्धा गेला. मी नंतर कितीतरी दारांत कामाला उभी राहिले, आणि प्रत्येक दारात कुणीतरी काहीतरी तारण म्हणून आधी काढून ठेवायला सांगितलं. मी ठेवलं नाही. उपाशी परत आले, पण ठेवलं नाही. काम देणाऱ्याला माझे हात मिळतील. चाक मिळणार नाही.