गृहकर्जाच्या दुकानाची बोहनी

आमच्या घरात कधी कोणी कर्ज घेतलं नाही. बाबांनी जिल्हा कचेरीत जन्म काढला, घर आजोबांचं होतं, स्कूटरसुद्धा रोखीनं आणलेली. तरी मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या घरात, पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर, गृहकर्ज कसं निवडावं यावर इंग्रजीत ब्लॉग लिहीत होतो. कारण सरळ होतं. त्या विषयाच्या जाहिरातींना सगळ्यात जास्त भाव होता. वाचकानं ब्लॉगवरची जाहिरात दाबली की जाहिरात कंपनी मला वाटा देणार. ब्लॉगचे ते नवलाईचे दिवस होते, आणि घरबसल्या कमाई हे शब्द पदवी घेऊन घरी बसलेल्या पोराला वेदवाक्यासारखे वाटायचे.

नागपूरच्या मामांनी माझ्यासाठी एका गोदामात हिशेबाची नोकरी बघून ठेवली होती. मला बालाघाट सोडायचं नव्हतं आणि आईला मला सोडवत नव्हतं. बाबांनी निकाल दिला, "दिवाळीपर्यंत त्या कंपनीचा चेक आला तं राह्य इथंच. नाही तं नागपूर." आई त्या चेकातून काय काय घ्यायचं ते तिथल्या तिथे ठरवायला लागली. बाबा म्हणाले, "बाजारात तुरी अन् भट भटणीले मारी."

वाचक काही येईनात. मग कळलं की ते विकत मिळतात. इंटरनेटवर एक गृहस्थ होते, ते पैसे घेऊन हजारांनी पाहुणे ब्लॉगवर पाठवत. आमच्याकडे सभेला ट्रॅक्टर भरभरून माणसं आणतात, त्यामुळे मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी पोरांच्या शिकवण्या घ्यायचो, त्यांचे पैसे त्यांना पाठवले आणि दुसऱ्याच दिवशी झुंबड उडाली. कोण कुठून आलं ते नकाशावर ठिपक्यांनी दिसायचं. ब्राझील, तुर्कस्तान, व्हिएतनाम. मी बाबांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नकाशा नीट पाहिला.

"इतक्या दुरून लोक तुह्या भरवशावर घरं बांधून राह्यले?"

"हौ," मी म्हटलं.

पण सभेला आणलेली माणसं भाषण ऐकत नाहीत, तशीच ही. आली की गेली. जाहिरातीला एकानंही हात लावला नाही. माझं तोंड उतरलेलं बघून आईनं विचारलं, "काहून रे, काय झालं?" मी तिला समजेल असं सांगितलं.

"म्हणजे दुकानात लोक येऊन राह्यले, पण घेऊन काही नाही राह्यले?"

"हौ, तसंच समज."

आता, दुकान म्हणजे काय हे आईला पक्कं ठाऊक होतं. नात्यातल्या कोणी दुकान टाकलं की प्रत्येक घरानं जाऊन बोहनी करायची, गरज असो वा नसो, ही आमच्या लोकांची रीत. भाव करायचा नाही आणि घेतलं की लगेच उठायचं नाही. मावशीच्या मुलानं कटंगीला हार्डवेअरचं दुकान काढलं तेव्हा आम्ही किलोभर खिळे घेऊन आलो होतो.

त्यानंतर जाहिराती दाबल्या जाऊ लागल्या. रोज, भरपूर. मी खूश. मला वाटलं, तुर्कस्तानला अखेर घराची निकड भासली. दसऱ्याच्या सुमारास तर चेक निघण्याइतकी कमाई खात्यात दिसायला लागली. बाबांनी स्वतः मामांना फोन करून जरा थांबायला सांगितलं, आणि त्या दिवशी आईनं पुरण घातलं.

मग एका दुपारी शिकवणीहून लवकर घरी आलो, तर आई फोनवर हिंदीत बोलत होती. "नहीं भैया, मकान नहीं चाहिए. मकान तो है. वो लड़के की दुकान है ना, इसलिए दबाए थे. आपका खाना हो गया?"

फोन मुंबईच्या कुठल्याशा कर्ज देणाऱ्या कंपनीचा होता. मी शिकवणीला गेलो की आई रोज जाहिराती दाबत होती, आणि शेजारच्या मुलीकडून त्यावरच्या फॉर्ममध्ये आपलं नाव, नंबरही भरून घेत होती. कोणाच्या घरी जाऊन नाव न सांगता परत येणं तिला बरं वाटत नव्हतं. भजनाच्या बायकांनाही तिनं घरी आणलं होतं. "सगळ्यायनं बोहनी केली," ती अभिमानानं म्हणाली. "तिरोडीवाल्या काकूनं तं दोनदा." मला आधी हसू आलं, मग कंपनीचा नियम आठवला: जाहिराती घरच्यांनी दाबायच्या नाहीत.

त्याच आठवड्यात जाहिरात कंपनीचं ईमेल आलं. दाबणारी माणसं खरी गिऱ्हाइकं नाहीत, सबब खातं बंद, कमाई रद्द. मी सगळे आकडे पुन्हा पाहिले. विकतची माणसं नियमात बसत नव्हतीच, पण बिचाऱ्यांनी कशालाही हात लावला नव्हता. दाबलेली प्रत्येक जाहिरात बालाघाटातून, आणि त्यातल्या बहुतेक आमच्याच पुढच्या खोलीतून. आपलेच दात अन् आपलेच ओठ.

बाबांनी कॅलेंडरात दिवाळी किती दिवसांवर आहे ते पाहिलं. आई मात्र दारात उभी राहिली.

"माह्यानं झालं का रे? मी दाबलं म्हून?"

"नाही वं, आई. त्या विकत आणलेल्या लोकायनं घोळ केला."

तिचा चेहरा उजळला. "मले वाटलंच. पैशानं आणलेला माणूस कामाचा नाही. तू आता दुसरं टाक. या बखत फक्त घरचे लोक. मी पार कटंगीपर्यंत सांगते."

आणि तिनं सांगितलंही असतं. दुसरा ब्लॉगही तिनं असाच मायेनं बुडवला असता. तिला खरं कारण सांगितलं असतं, तर पोराला आपणच घालवलं हे तिच्या मनातून कधी गेलं नसतं. मला ते सोसलं नसतं. म्हणून मी तिसरंच बोललो.

"नको आई. मले नागपूरलेच जायचं आहे. कंटाळलो मी इथं."



"मंग आधी सांगायचं ना रे," ती म्हणाली. "मी उगाच रोज दाबत बसली."