धरलेला श्वास

पासपोर्टच्या फोटोसाठी स्टुडिओत बसलो होतो. माझ्या आधी एक तरुण लग्नाच्या बायोडेटासाठी फोटो काढून घेत होता. कडक इस्त्रीच्या शर्टात, पोट आत ओढून ताठ उभा.

"दादा, श्वास सोडा. चेहरा लाल होतोय," फोटोग्राफर म्हणाला.

"सोडला की पोट दिसतं हो."

फोटो निघाला, तरी त्याने श्वास सोडला नाही. दारात दोन मुली उभ्या होत्या. मनात आलं, हा फोटो कुणाला आवडलाच, तर बिचाऱ्याला पोहे खातानाही असंच बसावं लागणार. मग मांडवात. मग घरात, रोज.

फोटोग्राफरने मला बोलावलं. उठताना माझं पोट आपोआप आत गेलं. माझ्या लग्नाला कैक वर्षं झालीत, आणि पासपोर्टच्या फोटोत तर नुसता चेहराच येतो.